आत्याच्या बोटीला पॉलिश

लग्न होऊन मी बोरी बुद्रुकहून आळेफाट्याला आले, तेव्हा आईने निघताना बजावलं होतं, "रंगाऱ्याच्या घरात चाललीस, भांडी नीट घासत जा." आई काहीबाही बोलायची, पण तिचं हे बोलणं शब्द न् शब्द खरं निघालं. माझे सासरे, म्हणजे मामंजी, ट्रक रंगवायचे. फाट्यावर नाशिककडे जाणाऱ्या रस्त्याला त्यांचं पत्र्याचं शेड होतं. त्यांच्या हातून बाहेर पडलेल्या गाडीच्या दारात बघून ड्रायव्हर लोक भांग पाडायचे. आणि घरी ताटावर पाण्याचा एक डाग दिसला, तर मामंजी ते ताट बोटाने मागे सरकवायचे. मला संताप यायचा. एकदा मी तोंडावर बोललेच, "मामंजी, ताटात जेवायचंय, तोंड नाही बघायचं." सासूबाईंनी जीभ चावली, पण मामंजी हसले. त्या दिवसापासून आमचं जमलं.

मामंजींना एकच बहीण. तिला सगळे आत्या म्हणायचे, मीही म्हणायचे. आत्याला दिली होती आंबेगाव तालुक्यात, शिनोलीच्या पुढे, डिंभ्याच्या धरणामागच्या एका वाडीत. दिली तेव्हा तिथं धरणाचं पाणी नव्हतं. मामंजी मोटारसायकलवर टांग टाकून बहिणीकडे जायचे, मुक्काम ठोकायचे, तिच्या हातचं तांदळाच्या भाकरीचं जेवण आमच्या सासूबाईंना ऐकवून ऐकवून जीव नकोसा करायचे. मग धरण झालं, पाणी चढलं, खालची खाचरं गेली आणि वाडी डोंगराच्या पोटाला वर सरकली. आता वाडीला जायचं तर बोटीने, नाहीतर अर्ध्या दिवसाच्या डोंगरातल्या पायवाटेने, आणि तीही पाण्यावर लटकलेल्या कड्याच्या कडेकडेने.

मामंजींना पाण्याची भीती होती. विहिरीत डोकवायचं झालं तरी ते दोन हात लांब उभे राहायचे. पण हे कोणी बोलायचं नाही. आत्याने "दादा, ये की रे" म्हटलं की ते म्हणायचे, "गॅरेज कोन बघनार?" मग आत्याच यायची. भाऊबीजेला, पंचमीला, कोणाच्या आजारपणाला, दर वेळी तीच पाणी ओलांडून, शिनोलीहून एसटी धरून, दोनदा गाडी बदलून आळेफाट्याला उतरायची. तांदळाचं गाठोडं डोक्यावर आणि तोंडाने "लई गर्दी बाई" चालू. एका भाऊबीजेला बहीण माहेरी आली तर दुसऱ्या भाऊबीजेला भावाने तिच्या दारात जायचं असतं. आमच्याकडे ही दुसरी भाऊबीज कधी आलीच नाही.

आत्याचा मुलगा वाडीची बोट चालवायचा. नात्याने माझे भावजी. बाजाराची माणसं, दुधाचे कॅन, शाळेची पोरं, बाळंतीण, सगळं त्यांच्याच बोटीतून. बोट फायबरची होती, कुठल्याशा बंद पडलेल्या रिसॉर्टमधून स्वस्तात घेतलेली. तिथं ती कितीतरी वर्षं उन्हात पडून होती, आणि उन्हाने तिच्या अंगाची भुकटी झाली होती. मूळचा निळा रंग कुणाला माहीतच नव्हता. हात लावला की तळहात पांढरा. त्यामुळे काही बुडत नव्हतं, बोट धडधाकट होती. पण भावजींचं लग्न तिच्यामुळे अडलं, असं आत्याचं ठाम मत होतं.

आणि त्यात तथ्य होतं. आमच्याकडे मुलगी पसंत पडली की मुलीकडची माणसं मुलाचं घर बघायला येतात. पहिल्या स्थळाचे पाहुणे ठेवणीतल्या काळ्या पँटी घालून आले. पलीकडे उतरले तेव्हा सगळ्यांची बुडं पांढरी, जणू पिठाच्या गिरणीत बसून आले. वाडीतली पोरं खिदळली. पाहुण्यांनी चहा घेतला आणि "कळवतो" म्हणाले. कळवतो म्हणजे नाही, हे आपल्यात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. दुसऱ्या स्थळाच्या मामाने काठावरूनच बोटीला हात लावला, हाताकडे बघितलं, आणि शिनोलीच्या बसची वेळ विचारली. भावजींनी तिशी ओलांडली होती. माणूस सोन्यासारखा, पण पाण्यापलीकडचा.

त्या वर्षी भाऊबीजेला आत्या आली ती ओवाळून झाल्यावर ताट हातातच धरून उभी राहिली. मामंजींनी ओवाळणी टाकली तरी हलेना.

"अजून काय पायजे?" मामंजी म्हणाले.

"दादा, तुळशीच्या लग्नानंतर पावणं यायचेत. पोरगी चांगली हाय, शिनोलीच्या जवळची, तिनं पोराला पसंत केलाय. फकस्त घर बघायचं ऱ्हायलंय." आणि मग तिने ताट खाली ठेवलं. "तुझ्या गाड्या आरशावानी चमकत्यात. माझ्या पोराची बोट तेवडी कर. ह्ये पन गेलं तर त्याचं काय खरं न्हाई."

मामंजी नुसतं "आन शेडवर" म्हणाले. पण जेवताना त्यांचं ताटाकडे लक्ष नव्हतं. मी मुद्दाम डागाचं ताट वाढलं होतं, तेही त्यांना दिसलं नाही.

वाडीने तेवढे दिवस पायवाट धरली, बोट टेम्पोत घालून आळेफाट्याला आली, आणि रस्त्यावरची निम्मी माणसं बघायला जमली. जिथं जन्मात ट्रकशिवाय काही उभं राहिलं नव्हतं, तिथं दोन टायरांवर बोट. एक ड्रायव्हर म्हणाला, "राव, पानी कुटं हाय?" मामंजी म्हणाले, "आमच्या डोळ्यात." त्यांना असली उत्तरं सुचायची.

शेडमधली कामाची मुलं दिवाळीला गावी गेलेली, आमचे हे दोन ट्रकांच्या मागे लागलेले. म्हणून बोटीवर मामंजी आणि मी. मामंजींचा पहिला विचार सरळ होता. घासायचं, खड्डे बुजवायला लांबी भरायची, ऑइलपेंट मारायचा. त्यांनी पुढच्या टोकाला ओला पॉलिश पेपर फिरवला, वरून पाणी ओतलं, आणि थांबले. पांढऱ्या चिखलाखाली निळं दिसत होतं. साधं निळं नव्हे, पावसानंतर जांभळाच्या पानावरून संध्याकाळ उतरते तसलं काहीतरी. त्यांनी परत घासलं. निळं अजून गडद झालं.

"हा रंग वरून मारलेला न्हाई," ते म्हणाले. "अंगातच हाय. वरचं मेलंय, खालचं जित्तं हाय. ह्येच्यावर पेंट मारनं म्हंजी पाप."

मग सुरू झालं घासणं. आधी धुण्याच्या पावडरीच्या पाण्याने आणि नारळाच्या काथ्याने शेवाळ काढलं. मग जाड पेपर, मग बारीक, मग त्याहून बारीक, प्रत्येक वेळी पाणी सोडत. सुका पेपर लावला तर मामंजी माझ्या हातावर चापट मारायचे, लहान मुलाला मारतात तशी. पांढरा चिखल कोपरापर्यंत ओघळायचा. माझे हात मेंदीऐवजी चुन्यात बुडवल्यासारखे दिसायचे आणि बांगड्यांच्या आत भुकटी जाऊन काचायचं. मी चिडून म्हणायचे, "तुमची बहीण, तुमचा भाचा, आणि हात माझे." ते म्हणायचे, "तुजं तोंड काय कमी हाय का, ते पन लाव."

पेपर झाल्यावर कंपाऊंड, म्हणजे चमक आणायचं मलम. ते मशीनवर गुबगुबीत लोकरी चकती लावून घासतात. पण लाईट दुपारी जायची ती संध्याकाळी यायची, आणि आल्यावर मामंजींना घाई व्हायची. असल्याच घाईत एकदा मशीन कडेवर जास्त टेकलं आणि तिथला निळा पार निघून खालचं राखाडी दिसू लागलं. मामंजी तिथंच मटकन खाली बसले. मला वाटलं चक्कर आली. "शिकाऊ पोरगं करीत न्हाई असं," ते स्वतःला म्हणाले. मी मशीन बाजूला ठेवलं, सासूबाईंच्या जुन्या लुगड्याचे तुकडे केले, आणि आम्ही हाताने घासायला बसलो. गोल गोल, हातभर जागा झाली की पुढची हातभर. एक कड संपली की मामंजी लांब जाऊन एक डोळा मिटून बघायचे आणि परत यायचे.

शेवटी मेण. गाडीला लावतात तेच डब्यातलं मेण पॉलिश. पातळ लावायचं, ते धुरकट होऊ द्यायचं आणि मऊ फडक्याने पुसून काढायचं. पहिल्या दिवशी आम्ही उन्हातच लावलं आणि पुसेपर्यंत ते दगडासारखं बसलं. सगळ्या अंगावर पट्टे. ते काढून परत सावलीत लावेपर्यंत पाहुण्यांचा दिवस तीन दिवसांवर आला. मामंजींचं त्या आठवड्यात जेवणही शेडमध्येच जायचं. त्यांनी आयुष्यात कुठल्या गाडीला एवढं केलं नव्हतं. मला ते कळत होतं आणि त्यांच्यावर फार माया येत होती. बहिणीकडे जाता येत नाही, तर निदान ही बोट तरी तिच्याकडे अशी जावी की तिने बघत राहावं, असं काहीतरी त्यांच्या पोटात चाललं होतं.

बाहेरून झाल्यावर त्यांनी आतून घेतली. "गाडी धुतली आन क्याबिन तशीच ठिवली, असं आपल्यात नाय," ते म्हणाले. बसायच्या फळ्या, कडा, तळ, पाय ठेवायची जागा, सगळीकडे मेण. मेणाचे दोन हात देऊन आम्ही तळाचासुद्धा आरसा केला. ट्रकवाल्यांची सवय कुठे जाते, पुढच्या टोकाला काळा गोंडा बांधला, दोन्ही बाजूंना कमळं काढली, आणि मागे झोकदार अक्षरांत लिहिलं, "अंतर ठेवा." मी विचारलं, "पाण्यात कोण मागून धडकणार आहे?" तर म्हणाले, "मासं."

पाहुण्यांच्या दिवशी सकाळी आम्ही टेम्पोतून बोट घेऊन निघालो. आमचे हे चालवायला, मामंजी शेजारी, मी मागे बोटीला धरून, कारण सासूबाईंचे गुडघे धरलेले आणि आत्याला स्वयंपाकात हाताशी कोणीतरी हवं होतं. डिंभ्याच्या पुढे जुना रस्ता सरळ पाण्यात उतरतो. डांबर दिसत दिसत पाण्याखाली जातं, तोच बोटीत चढायचा उतार. भावजी पायवाटेने येऊन तिथं नव्या पांढऱ्या शर्टात उभे होते.  त्यांनी नुसता तिच्यावरून हात फिरवला, तळहात बघितला, आणि तो स्वच्छ होता. मग मामंजींच्या पाया पडले. बोट पाण्यात उतरवतोय तोवर पाहुण्यांची जीप आलीच. मुलीचे वडील आणि चुलते. वडील उंच, मिशीवाले, पांढरंशुभ्र धोतर, डोक्यावर टोपी, पायात करकरीत वहाणा.

"बोट नवी घेतली का काय?" ते म्हणाले, आणि मामंजींची मान ताठ झाली.

भावजी गुडघाभर पाण्यात बोट धरून उभे राहिले. मुलीच्या वडिलांनी एक पाय आत ठेवला. मेण लावलेल्या तळावर करकरीत वहाण. पुढचं सांगायलाच नको. पाय सरकला, माणूस उताणा, एक तंगडी आत, एक बाहेर पाण्यात, आणि टोपी तरंगत निघाली. चुलते धरायला गेले तर त्यांचाही हात कडेवरून निसटला आणि ते गुडघ्यांवर आले. लागलं कोणालाच नाही. 

भावजींनी टोपी आणून दिली. वडिलांनी ती पिळली. काठावर येऊन उभे राहिले, धोतरातून पाणी गळतंय, आणि पलीकडच्या वाडीकडे बघत राहिले. मला वाटलं, संपलं. आता शिनोलीच्या बसची वेळ विचारतील. मामंजींचा चेहरा कागदासारखा झाला होता.

"बोटीचं सोडा हो," मुलीचे वडील शेवटी म्हणाले. ते रागावलेलेही नव्हते, हेच जास्त भीतीचं वाटलं. "बोट चांगली, वाईट, आमाला काय रोज बसायचंय? माझी पोरगी तिकडं ऱ्हानार. माजा जीव त्येच्यात हाय, की ती तिकडं गेली की मानसं तिला इसरत्यात का काय. पान्याच्या पल्याड दिलेली पोर म्हंजी दिलेलीच ऱ्हाती." मग मामंजींकडे वळले. "तुमी मामा ना पोराचं? तुमची बहीन तिथं दिलीया. पानी चढल्यापासून तुमी किती येळा गेला तिच्याकडं?"

आमचे हे माझ्याकडे बघू लागले, मी ह्यांच्याकडे. मामंजींना "गॅरेज" म्हणता आलं असतं. वर्षानुवर्षं म्हणत आले होते. खोटा आकडा सांगता आला असता, पलीकडून विचारायला कोण येणार होतं? भावजी पाण्यात खाली मान घालून उभे होते. त्यांना उत्तर माहीत होतं.

"एकदाबी नाय," मामंजी म्हणाले.

"का?"

"पान्याला भितो मी."

एवढ्या वर्षांत हे शब्द आमच्या घरात कोणी उच्चारले नव्हते. आणि ते पहिल्यांदा ऐकले ते एका परक्या माणसाने, भाच्याचं लग्न ज्याच्या हातात होतं त्याने. मला रडूच आलं. त्यांनी स्वतःच्या हाताने भाच्याचं लग्न मोडलं, असं मला त्या क्षणी वाटलं, आणि तरीही मला त्यांचा अभिमान वाटला.

 मामंजींनी चपला काढल्या. काठावर खाली वाकले, दोन्ही हातांत वाळू घेतली, ओली, खडबडीत, खडे असलेली, आणि बोटीत टाकली. परत वाकले. परत टाकली. ज्या तळावर आमचं नख लागू दिलं नव्हतं, त्याच्यावर ओंजळीमागून ओंजळ वाळू, आणि मग उघड्या पायाने ती रगडून पसरली. करकर आवाज झाला. त्या आवाजाने माझेच दात शिवशिवले. त्यांनी एकदाही खाली बघितलं नाही.

"धर रे," ते भावजींना म्हणाले, आणि आत चढले. पाय टिकला. मधल्या फळीवर बसले, दोन्ही बाजूंच्या कडा घट्ट धरल्या, आणि डोळे मिटले. "आज जातो," डोळे मिटूनच म्हणाले. "तुमी यायचं का नाय ते तुमचं तुमी बघा, पावणं."

मुलीच्या वडिलांनी वहाणा काढून हातात घेतल्या आणि त्यांच्या समोर जाऊन बसले. मग चुलते. मग मी. भावजींनी वल्ही घेतली. हे टेम्पोजवळ राहिले. मामंजी सगळा वेळ पुटपुटत होते. देवाचं नाव असेल असं मला वाटलं. जरा पुढे सरकून ऐकलं तर ते पेपर, कंपाऊंड, मेण, पेपर, कंपाऊंड, मेण असं म्हणत होते. मध्यावर वाऱ्याने बोट जरा कलली, तेव्हा मुलीच्या वडिलांनी हात पुढे करून मामंजींचं मनगट धरलं, आणि पलीकडे लागेपर्यंत सोडलं नाही.

आत्या काठावर पाण्याची कळशी घेऊन पाहुण्यांच्या पायांवर घालायला उभी होती. बोट जवळ आली तेव्हा तिने आधी बोट बघितली. मग तिला आतला माणूस दिसला. तिने कळशी खाली ठेवली. पाहुणे उतरले, मी उतरले, भावजी बोट ओढू लागले, आत्या तिथंच उभी. मामंजी सगळ्यात शेवटी उतरले, पायांना वाळू चिकटलेली. आत्याने कळशी उचलली आणि पहिलं पाणी त्यांच्या पायांवर घातलं. पाहुण्यांच्या आधी भावाचे पाय धुणं हे रीतीला सोडून होतं. कोणी काही म्हटलं नाही. ती खाली बसून हाताने त्यांच्या बोटांमधली वाळू काढत होती आणि मामंजी म्हणत होते, "असू दे गं, असू दे."

घर पाहिलं, गोठा पाहिला, वरची खाचरं पाहिली. पंगत ओसरीवर बसली. आत्या चुलीपुढे भाकऱ्या थापत होती आणि मी वाढत होते. जेवताना मुलीचे वडील कोणाकडे न बघता हळूहळू बोलायला लागले. मी भाजीचं भांडं घेऊन दारातच थांबले. ते म्हणाले की मुलगी देतो. पण पंचमीला तिला माहेरी न्यायला मी येणार, आणि तेव्हा मामाही इथं पाहिजेत, दोघं एकाच बोटीतून येऊ. मामंजी "हां" म्हणाले. भावजींच्या हातातला घास तसाच राहिला.

मी पळत आत गेले. आत्याच्या खांद्याला धरून हलवलं. "आत्या, जमलं! मुलगी दिली त्यांनी. लग्न ठरलं!"

ज्या लग्नासाठी ही बाई देवाला नवस बोलत होती, रात्र रात्र झोपत नव्हती, तिने माझ्याकडे मान वळवली. डोळ्यांत धुराचं पाणी होतं की कसलं, मी सांगू शकत नाही.

"बरं झालं," ती म्हणाली, आणि तव्यावरची भाकरी उचलून माझ्या हातात दिली, फुगलेली, गरम. "ही आधी घिऊन जा. दादाच्या ताटात भाकर हाय का नाय, बघ."